दोन पत्रं

आमच्या घरी तांदूळ अजूनही मीच निवडते. सुनेनं निवडले तरी एक हात फिरवल्याबिगर मला चैन पडत नाही. नातू हसतो. म्हणतो, "आजी, आता तांदूळ मशीनमधून साफ होऊन येते, त्यात खडे कुठी रायतेत?" खरंच नसतात. पण ही खोड पन्नास वर्षांची आहे आणि ती मला अमरावतीच्या सिस्टरांच्या शाळेत लागली. शाळेचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे, त्यांची बाजू सांगायला आता त्या इथं नाहीत.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी असं खारं की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. बाबांचं अकरा एकर कोरडवाहू. पऱ्हाटी, ज्वारी, थोडा मूग-उडीद. बाबा चौथी शिकले होते. तरुणपणी त्यांनी गाडगेबाबांची कीर्तनं ऐकली होती. जेवायचं ताट गेलं तरी चालेल पण लेकरं शिकवा, हे बाबांच्या डोक्यात तिथूनच बसलं. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढं दर्यापूरला जायचं तर नाला लागायचा, पावसाळ्यात तो उतरायचा नाही. मी चौथीत पहिली आले तेव्हा कोणीतरी बाबांना सांगितलं, अमरावतीला सिस्टर लोकांची मुलींची शाळा आहे, बोर्डिंग आहे, शिस्त कडक आहे. कडक म्हटल्यावर बाबांना भरोसा वाटला. भावकीत बोलणं झालं, "पोट्टी बाटवता का?" बाबा म्हणाले, "बाटाचं असन तं घरी बसूनही बाटते." एवढं बोलून ते वखर जुंपायला गेले.

१९७० चा जून. मी दहा वर्षांची. एसटी वलगावावरून जायची. पेढी नदीचा पूल आला तसे बाबांनी गाडीतच हात जोडले. गाडगेबाबांनी १९५६ साली तिथंच देह ठेवला. मीही जोडले. पुढं अमरावती आलं, कॅम्प आला, उंच भिंत आली आणि लोखंडी फाटक आलं. फाटकापाशी बाबांनी माझ्या हातात टिनाची पेटी दिली आणि मागं न पाहता निघून गेले. त्यांनी मागं का पाहिलं नाही हे मला माझी पोरगी सासरी गेली तेव्हा कळलं.

पहिलं आठवतं ते पाणी. नळाखाली हात धरला, साबण लावला, तर फेसच फेस. मी घाबरून हात चोळत बसले, फेस जाईना म्हणून. मागून एक सिस्टर आल्या. त्यांनी माझे हात धुतले, पुसले आणि लगेच सांगितलं की पाणी वाया घालवलं म्हणून उद्या अंगण तूच झाडशील. त्या बोर्डिंगच्या सिस्टर. पुढची सहा वर्षं माझं उठणं, बसणं, जेवणं, निजणं सगळं त्यांच्या घंटीवर.

पहाटे पाचला घंटी. सहाला अंघोळ, वेणी, दोन रिबिनी. सातला अभ्यास. केस मोकळे दिसले की पट्टी, नखं वाढली की पट्टी, रांगेत बोललं की व्हरांड्यात गुडघ्यावर. रात्री नऊनंतर शब्द काढायचा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरची माणसं भेटायला यायची, तीन ते पाच. माय यायची, फडक्यात रोडगे बांधून, सोबत जवसाची चटणी. सिस्टर ते फडकं माझ्यासमोर घ्यायच्या आणि रात्रीच्या जेवणात साऱ्या पोरींना एकेक तुकडा वाटायच्या. बाहेरचं खाणं एकटीनं खायचं नाही, हा नियम. माझ्या वाट्याला माझ्याच मायचा रोडगा बोटभर यायचा. मला भल्ला राग यायचा. माझ्या शेजारच्या खाटेवर चिखलदऱ्याकडची एक कोरकू पोरगी होती. तिच्याकडं वर्षातून एकदाही कोणी यायचं नाही. ती तो तुकडा लय हळू खायची. तेव्हा मला ते दिसायचं, पण राग जायचा नाही.

सगळ्यात जास्त मार मी बोलण्यापायी खाल्ला. 'मले', 'तुले', 'काऊन', 'कायले' असं तोंडातून निघालं की शंभर वेळा 'मला, तुला, का, कशाला' लिहायचं. गंमत अशी की आमच्या सिस्टर केरळच्या. त्या मराठी पुस्तकातून शिकलेल्या. 'ळ' त्यांचा झकास यायचा, पण 'आहे' आणि 'असते' यात त्या गोंधळायच्या. तरी माझी वऱ्हाडी अशुद्ध. फार पुढं कळलं की मराठीतला आद्य चरित्रग्रंथ, लीळाचरित्र, आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूरला लिहिला गेला. तेव्हा माहीत असतं तर सिस्टरांना सांगितलं असतं. पण सांगायची हिंमत झाली असती का, ते मात्र नाही सांगू शकत.

धर्माचं लोक आजही विचारतात. बाटवलं नाही कोणी. ख्रिस्ती पोरींना धर्माचा तास असायचा, आम्हाला त्या वेळी नीतीचा. प्रार्थनेला सगळ्यांनी बसायचं. त्याचं मला काही नवल नव्हतं. आमच्या गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी व्हायची, मी बाबांसोबत पाटीलवाड्यासमोर बसायची. डोळे मिटून गप बसायची सवय होती. गुडघे टेकायची नव्हती. पहिल्या महिन्यात गुडघे सोलून निघाले, मग घट्टे पडले. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला आणि त्याच्या फार आधी फ्रान्सचे पाद्री या उन्हात कामाला आले होते, हे नीतीच्या तासालाच ऐकलं. मला तेव्हा वाटायचं, एवढ्या दुरून आले आणि आमच्या नखांवर पट्ट्या मारत बसले.

आता पत्रांचं. रविवारी नाश्ता झाला की प्रत्येकीनं घरी पत्र लिहायचं. लिहिलं की चिटकवायचं नाही, सिस्टरांच्या टेबलावर ठेवायचं. त्या वाचायच्या, चुका सुधारायला परत द्यायच्या आणि मग पोस्टात टाकायच्या. घरून आलेलं पत्रही फोडूनच हातात मिळायचं. त्यामुळं आम्हा साऱ्यांची पत्रं एकसारखी. मी मजेत आहे, अभ्यास चांगला चालू आहे, सर्वांना नमस्कार. बाबांना वाटायचं पोरगी सुखात आहे.

१९७२ साली पाऊस गेला. साऱ्या महाराष्ट्रात गेला. मराठवाड्याएवढी दैना आमच्याकडं नव्हती, पण आमची ज्वारी कंसात भरलीच नाही आणि पऱ्हाटी गुडघ्याएवढी राहिली. गावातले लोक खडी फोडायच्या कामावर जात होते, रेशनवर लाल मिलो मिळत होती. बोर्डिंगमध्येही भात कमी झाला आणि दलिया सुरू झाला. दोन हात मिळवल्याचं चित्र असलेली अमेरिकेची पोती यायची. मी सातवीत. दिवाळीला घरी गेले तेव्हा माय वाळली होती. बाबा हसून बोलत होते. मला कोणी काही सांगितलं नाही.

परत आल्यावर मला बोर्डिंगमध्ये राहवेना. डिसेंबरात वहीचं पान फाडलं आणि पेन्सिलीनं लिहिलं, "बाबा, मले इथी नाही राहाचं. मी घरी काम करीन, तुमच्यासंगं खडी फोडीन. मले घ्याले या." आमच्या वर्गातल्या एका घरून येणाऱ्या मुलीला ते दिलं, पाकिटाला पैसे दिले. तिनं ते पुस्तकात ठेवलं आणि दुपारच्या तासाला पुस्तक उघडताना ते बाईंच्या पायाशीच पडलं.

संध्याकाळी बोर्डिंगच्या सिस्टरांनी बोलावलं. टेबलावर माझं पान होतं. त्यांनी एकच विचारलं, "हे अक्षर तुझं?" मी हो म्हणाले. पट्टी येईल म्हणून हात पुढं केला. त्यांनी पान दुमडलं, खणात टाकलं आणि म्हणाल्या, "जा." दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी हुकूम आला, उद्यापासून पहाटे चारला स्वयंपाकघरात हजर राहायचं.

त्या थंडीत मी एक तास आधी उठायची. साठ पोरींचे तांदूळ निवडायचे. चिमणीच्या उजेडात तांदूळ अन् खडा सारखाच दिसतो, बोटालाच ओळखावा लागतो. मग कोठीतून तांदूळ, डाळ, तेल किती काढलं ते वहीत लिहायचं, आणि शिल्लक किती ते मोजून दाखवायचं. एक पायली इकडंतिकडं झाली तर पुन्हा मोजायचं. संध्याकाळी पोरी वडाळीच्या तलावाकडं फिरायला जायच्या तेव्हा मी फाटलेल्या चादरी शिवायची. पोरी मला 'कैदी' म्हणायला लागल्या. मीही तेच समजत होते. एका पत्राची एवढी शिक्षा! मी रोज मनात मोजायची की आणखी किती दिवस. मे महिन्यात घरी गेले तर गोठ्यात एकच बैल. मायला विचारलं. "बिमार पडला, मेला," म्हणाली. मी रडले. सुटी संपली आणि पुन्हा ती पहाट. आठवी संपता संपता एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नको." दीड वर्षानं सुटका. का दिली, का सोडली, कोणी बोललं नाही.

१९७६ साली मी दहावी झाले. मॅट्रिकची अकरावी बंद होऊन नवी दहावी सुरू झाल्याचं ते दुसरंच वर्ष. दुसरा वर्ग मिळाला. निकाल घ्यायला गेले तेव्हा सिस्टरांनी डोक्यावर हात ठेवला. मी वाकून नमस्कार केला नाही. पुढच्या वर्षी लग्न होऊन मूर्तिजापूर तालुक्यात आले, अकोला जिल्हा. शाळेकडं पुन्हा फिरकले नाही.

१९९३ साली बाबा आजारी पडले म्हणून माहेरी गेले होते. माझी मोठी पोरगी बाजेजवळ खेळत होती, आणि तांदूळ निवडायचा कंटाळा करत होती. मी तिला म्हणाले, "तुले काय मालूम. मले सिस्टरनं दीड वर्ष शिक्षा देल्ली होती, साठ जनीचे तांदूळ निवडाची." बाबा डोळे मिटून पडले होते. तसेच म्हणाले, "शिक्षा नोती वं ते."

मला वाटलं तापात बोलतात. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. बहात्तरच्या दिवाळीनंतर घरात दाणा नव्हता. बोर्डिंगचे पैसे थकले होते. त्यांनी तांबडा बैल इकला, त्यात उधारी फिटली पण शाळेचे पैसे निघाले नाहीत. मग त्यांनी सिस्टरांना पत्र लिहिलं, पैसे होत नाहीत, पोरीचं नाव कमी करा, मी घ्याले येतो. आठ दिवसात उत्तर आलं. मुलीला नेऊ नका, ती काम करून राहील, पैसे झाले की भरा. आणि तिला यातलं काही कळवू नका, इतर मुलींसमोर तिची मान खाली जाईल.

"चौऱ्याहत्तरले कापूस झाला, मी पैसे भरले, तवा तुई ड्यूटी सुटली," बाबा म्हणाले.

मी उपकार मानायला पाहिजे होते. मला आला राग. म्हणाले, "मले सांगतलं काऊन नाही? मी वीस वर्षं त्या बाईले शिव्या देल्ल्या."

"तू बारा वर्षाची होती, बाई. तुले काय सांगाव?"

बारा वर्षांची होते, पण साठ पोरींचे तांदूळ निवडायला पुरेशी मोठी होते. हे मी बोलले नाही, बाबांना धाप लागली होती. पंधरा दिवसांनी ते गेले.

परत येताना दर्यापूरहून शकुंतलेत बसले. आमची ही छोटी गाडी तेव्हा कोळशाच्या इंजिनावर चालायची, वावरातल्या माणसाशी बोलत बोलत जावं अशी. खिडकीत बसून मी हिशेब लावत होते. डिसेंबर १९७२. सिस्टरांच्या खणात एकाच आठवड्यात दोन पत्रं. एकात पोरगी लिहिते, मला घेऊन जा. दुसऱ्यात बाप लिहितो, पोरीला घेऊन जातो. दोघांचं म्हणणं एकच. सिस्टरांना काही करायचंच नव्हतं, नुसतं हो म्हणायचं होतं. खाट रिकामी झाली असती, दुष्काळात एक तोंड कमी झालं असतं. त्यांनी दोघांचंही ऐकलं नाही. माझं पत्र बाबांना दिलं नाही, बाबांचं मला दाखवलं नाही. म्हणून मी दहावी झाले. आणि म्हणूनच दीड वर्ष रोज पहाटे मी स्वतःला गुन्हेगार समजले. या दोन्ही गोष्टी एकाच बाईनं एकाच दिवशी केल्या. यातली कोणती मोठी, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अमरावतीला गेले तेव्हा शाळेच्या फाटकापर्यंत गेले. चौकीदारानं एका तरुण सिस्टरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, त्या सिस्टरांची केव्हाच बदली झाली, नंतर त्या केरळात परत गेल्या. पत्ता मागावा असं तोंडाशी आलं होतं. मागितला नाही. काय लिहिणार होते? आभार लिहिले असते तर अर्धं खोटं झालं असतं.

हे सारं विसरूनही गेले असते, पण २००५ चा हंगाम आला. बियाणं महाग, पाऊस लहरी, भाव पडलेला. आमच्या भागातली तेव्हाची परिस्थिती साऱ्या देशानं पेपरात वाचली. घरोघरी भीती होती. आमचे हे रात्री झोपेनात. बारा वाजता गोठ्यात जाऊन बसायचे. विचारलं की, "काही नाही, बैलाले पाहून रायलो." एका रात्री ते 'बैल' म्हणाले आणि मला मायचं बोलणं आठवलं. बिमार पडला, मेला.

दुसऱ्या दिवशी हे वावरात गेल्यावर मी त्यांची पेटी उघडली. चिठ्ठ्या, पावत्या, कोऱ्या कागदावरच्या सह्या. नातवंडांच्या जुन्या वहीची वेळ तेव्हा नव्हती, पोराची नववीची वही घेतली आणि कोठीची वही लिहायची तशा रकाना आखून सगळं उतरवलं. सोसायटीचं इतकं, कृषी केंद्राची उधारी इतकी, सावकाराचं इतकं, त्याच्यावर व्याज इतकं. जमा किती, नावे किती. तीनदा मोजलं. आकडा एक लाख चाळीस हजारांच्या वर गेला. मला हे माहीत होतं त्याच्या चौपट.

रात्री मी पोरगी, पोरगा आणि यांना बसवलं आणि वही मधात ठेवली. हे उठून उभे राहिले. "लेकराईले कायले सांगतं? त्याईच्या डोक्यावर कायले बोजा टाकतं?"

मी म्हणाले, "बसा तुम्ही. मले नोतं सांगतलं कोनं. मी दीड वर्ष समजत होती का माहाच गुन्हा हाय. हे लेकरं रोज तुमचं तोंड पायतेत, अन् त्याईले वाटते आपलंच काही चुकलं."

हे बसले. मग रडले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पहिल्यांदाच पाहिलं. पोरीनं वही ओढून घेतली आणि म्हणाली, "सावकाराचं आधी फेडा, त्याचंच व्याज जास्त आहे." पोराची गाडी घ्यायची राहिली. पोरीचं लग्न दोन वर्षं पुढं गेलं. सातातलं दोन एकर मक्त्यानं दिलं, एका एकरात भाजीपाला लावला, मी तो मूर्तिजापूरच्या बाजारात नेऊन विकू लागले. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले, अमरावती-अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ ची कर्जमाफी आली तर पूर्ण माफी पाच एकरापर्यंतच, आमचं सात. आणि सावकाराचं कर्ज त्या माफीत बसत नव्हतं. ते आम्हीच फेडलं, चार वर्षांत, वहीवर एकेक ओळ मारत. शेवटची ओळ मारायला पोरगी माहेरी आली होती.

हिशेब ठेवायला मला सिस्टरांनी शिकवलं. पायली चुकली तर पुन्हा मोज, हे त्यांचं. आकडा घरात सांगायचा, हे मात्र त्यांच्यापासून नाही शिकले. त्यांनी जे केलं नाही त्याच्यापासून शिकले. बाबांनाही यातून सोडता येत नाही, मायलाही नाही. मोठ्या माणसांना वाटतं, गरिबी लपवली की लेकरांना ती लागत नाही. लागते. फक्त तिचं नाव त्यांना माहीत नसतं, मग ते तिला आपलंच नाव देतात.

आता माझी नात अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठात शिकते, हॉस्टेलात राहते. तिची पत्रं कोणी फोडत नाही, पत्रंच नाहीत. रोज रात्री फोन येतो. जेवली का, पाऊस आला का, झालं की ती विचारते, "आजी, कापसाले काय भाव भेटला?" मी खरा सांगते, पडला असेल तरी खरा सांगते. मग थोडा वेळ ती काही बोलत नाही. मग म्हणते, "बरं. मेसचे पैसे मी पुढच्या महिन्यात भरतो म्हणून सांगते."

"सांग," मी म्हणते, आणि फोन ठेवून उद्याचे तांदूळ घ्यायला बसते.